वाहत्या द्रवांची सीमा विजेनं आवरता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रसायन अभियांत्रिकीत एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं दोन काचांमधल्या अरुंद फटीत ग्लिसरीन भरलं आणि वरच्या काचेच्या मधोमध असलेल्या छिद्रातून रंगीत पाणी सोडलं. पाणी गोल पसरेल असं वाटलं होतं, पण कडेला बोटं फुटली, म्हणजे पाण्याचे बोटांसारखे फाटे ग्लिसरीनमध्ये घुसले. मार्गदर्शकांनी सुचवलं की विद्युत क्षेत्र लावून बघ. तिला विचारायचं आहे की यानं बोटं खरंच थांबतील का, किती व्होल्ट लागतील, एसी लावायचा की डीसी, आणि हीच युक्ती तेलविहिरीत चालेल का.

थेट उत्तर आधी देतो. बोटं थांबवता येतात. पण शुद्ध ग्लिसरीनमध्ये येत नाहीत, एसीनं येत नाहीत, आणि तेलक्षेत्राच्या मापावर तर मुळीच नाहीत. हे असं का, ते समजलं तर तुमचा प्रयोग कसा बांधायचा ते आपोआप समजेल. त्यासाठी किती व्होल्ट हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विजेचं बळ द्रवाला नेमकं कुठं लागतं ते ठरवा. ते तीन ठिकाणी लागू शकतं: दोन द्रवांच्या सीमेवर, द्रवाच्या पोटात, किंवा काचेच्या भिंतीलगत. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. एका ठिकाणी जो उपाय ठरतो तोच दुसऱ्या ठिकाणी उपद्रव करतो.

तुमची बोटं का फुटतात ते पाहू. अरुंद फटीतल्या द्रवाचा सरासरी वेग दाबाच्या उताराच्या आणि फटीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि स्निग्धतेच्या व्यस्त प्रमाणात. एकाच वेगानं जायचं तर घट्ट द्रवाला दाबाचा तीव्र उतार लागतो, पातळ द्रवाला सौम्य. पातळ द्रव मागून ढकलत असेल आणि सीमेवर चुकून छोटा फुगवटा आला, तर त्या रेषेवर घट्ट द्रवाची लांबी तेवढी कमी होते, अडथळा घटतो आणि फुगवटा आणखी वेगानं पुढे घुसतो. सॅफमन आणि जी. आय. टेलर यांनी १९५८ साली हे गणित नीट मांडलं, म्हणून याला सॅफमन-टेलर अस्थिरता म्हणतात. दोन काचांची रचना त्याहून जुनी आहे, हेले-शॉ यांची, १८९८ची. हा प्रश्न उद्योगात आधीच भेटला होता आणि तोही साखरेच्या शुद्धीकरणात. हाडांच्या कोळशाच्या स्तंभातून साखरेचा पाक पाण्यानं बाहेर काढताना पाणी मधूनच वाट काढतं, हे एस. हिल यांनी १९५२ साली अभ्यासलं. आपल्याकडच्या कारखान्यांत साखर सहसा गंधकाच्या धुरीनं शुद्ध करतात, त्यामुळे तो स्तंभ इथं दिसणार नाही. पण पाकामागून पाणी लावलं की काय होतं, हे साखरेच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पाणी आणि ग्लिसरीन एकमेकांत मिसळतात, त्यामुळे त्यांच्या सीमेला टिकाऊ पृष्ठताण नसतो. तेल-पाण्यासारख्या न मिसळणाऱ्या जोडीत बोटांची रुंदी पृष्ठताण ठरवतो. फट अर्धा मिलिमीटर, स्निग्धतेतला फरक ०.१ पास्कल-सेकंद, वेग सेकंदाला १ मिलिमीटर आणि पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर धरला, तर सर्वांत जलद वाढणारी लाट, म्हणजे एक बोट आणि त्याशेजारची खाच मिळून, सुमारे २७ मिलिमीटर रुंद येते. तुमच्या जोडीत ही मर्यादा नाही, म्हणून बोटं बारीक, फटीच्या काही पटींएवढी येतात. सीमेला ताण नसल्यामुळे सीमेवर बळ लावून ती आवरण्याचा मार्गही तुमच्यासाठी जवळजवळ बंद होतो.

तरीही तो मार्ग समजून घ्या, कारण पुस्तकांत आणि व्याख्यानांत विद्युत क्षेत्रानं अस्थिरता आवरणं म्हटलं की बहुतेक वेळा तोच अभिप्रेत असतो. विद्युत क्षेत्राच्या रेषा आपल्या लांबीच्या दिशेनं ताणलेल्या असतात आणि आडव्या दिशेनं एकमेकींना रेटतात. दोन विद्युतरोधक द्रवांची परावैद्युतता (विद्युत क्षेत्राला द्रव किती प्रतिसाद देतो त्याचं माप) वेगळी असेल आणि क्षेत्र सीमेला समांतर असेल, तर सीमा वाकायला गेली की हे बळ तिला पुन्हा सपाट करतं. क्षेत्र सीमेला लंब असेल तर नेमकं उलट होतं, सीमा उचकटली जाते. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० सालच्या ग्रंथात घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला की थेंब शंकूसारखा वर खेचला जातो, असं नोंदवून ठेवलं आहे. टेलर यांनी १९६४ साली त्या शंकूचं गणित सोडवलं आणि पुढच्याच वर्षी मॅकइवान यांच्यासोबत लंब क्षेत्रातली आडवी सीमा कधी कोलमडते ते मोजून दाखवलं. समांतर क्षेत्राच्या लाटांवर मेल्चर यांनी साठच्या दशकात जे काम केलं, त्यावर हे सगळं शास्त्र आजही उभं आहे.

समांतर क्षेत्राचा सर्वांत देखणा उपयोग दोन थर वेगवेगळ्या वेगानं एकमेकांवरून घसरताना होतो. ती केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता. स्निग्धता सोडून हिशेब केला तर क्षेत्राचं योगदान लाटेच्या लांबीवर अवलंबूनच राहत नाही. लांब लाट असो की आखूड, वेगांच्या फरकाच्या वर्गातून तेवढीच ठरावीक रक्कम वजा होते. एरंडेल आणि सिलिकॉन तेल घ्या. सापेक्ष परावैद्युतता सुमारे ४.७ आणि २.७, घनता जवळपास सारखी. सेंटिमीटरला १० किलोव्होल्टचं क्षेत्र प्रवाहाच्या दिशेनं लावलं, तर सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगफरक जास्त सहन होतो. ही रक्कम लहान आहे, आणि ती लहान का आहे हे लक्षात ठेवा. हवेत तेवढ्या क्षेत्राचा ताण जेमतेम ४.४ पास्कल भरतो, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटर उंचीचा दाब. हवा सेंटिमीटरला ३० किलोव्होल्टच्या आसपास फुटते, तिथंही तो ४० पास्कलच्या पुढे जात नाही. चांगलं ट्रान्सफॉर्मर तेल याहून बरंच जास्त क्षेत्र पेलतं, म्हणून असे प्रयोग तेलातच शोभतात.

या मार्गाला एक कुंपण आहे आणि ते बऱ्याच अहवालांत झाकलेलं राहतं. समांतर क्षेत्र फक्त त्याच लाटा दाबतं ज्यांचे माथे क्षेत्राला आडवे आहेत. ज्या लाटांचे माथे क्षेत्राच्याच दिशेनं लांब पसरले आहेत, त्यांना क्षेत्राचा स्पर्शही होत नाही. घसरत्या थरांत हे चालून जातं, कारण तिथल्या घातक लाटा प्रवाहाच्या दिशेनंच धावतात. पण जड द्रव हलक्यावर ठेवल्यानं येणाऱ्या रेली-टेलर अस्थिरतेला अशी लाडकी दिशा नसते. द्विमितीय गणनेत ती आडव्या क्षेत्रानं सुंदर दबलेली दिसते, २०१४ साली सिंपेआनू, पापागिओर्गिऊ आणि पेट्रोपुलोस यांनी ते तपशिलात दाखवलं. मात्र खऱ्या टाकीत तिसरी दिशा मोकळीच असते. त्यामुळे द्विमितीय आलेख बघून टाकी बांधायला घेऊ नका.

आता पोटातलं बळ. कुठलाही द्रव घ्या, त्याची परावैद्युतता भागिले विद्युतवाहकता म्हणजे त्याचा विद्युतभार विरण्याचा वेळ. चांगल्या तेलात तो सेकंदांत असतो. नळाच्या पाण्यात तो एका सेकंदाच्या कोट्यवधी भागाइतका असतो. या विषयात कागद-पेन्सिल घेऊन करायची पहिली आकडेमोड हीच. तेलात एसी लावून भार साठू न देता निव्वळ परावैद्युत बळ मिळवता येतं, पाण्यात ते सहजासहजी जमत नाही. पाण्यात विद्युतवाहकता जागोजागी वेगळी असेल तर विजेच्या वाटेवर भार साचतो आणि क्षेत्र त्या भाराला, पर्यायानं द्रवाला, ओढतं. होबर्ग आणि मेल्चर यांनी १९७६ साली दाखवलं की अशी मिसळणारी सीमा क्षेत्रानं ढवळली जाते. सूक्ष्म नलिकांत ओडी, सांतियागो आणि मिकेल्सन यांनी २००१ साली याच अस्थिरतेचा मिक्सर म्हणून उपयोग केला. वाहकतेत दहापट फरक असेल तर सेंटिमीटरला काहीशे व्होल्टच्या पुढे हा उपद्रव सुरू होतो. तुमच्या पाण्यात मीठ असेल आणि ग्लिसरीनच्या द्रावणात नसेल, तर एक अस्थिरता आवरायला जाऊन तुम्ही दुसरी जागी कराल.

उरली भिंत. तुमच्या कामाची जागा हीच.

काच पाण्यात बुडाली की तिच्या पृष्ठावर ऋण भार येतो आणि त्याला लागून पाण्यात धन आयनांचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. काचेला समांतर क्षेत्र लावलं की हा थर ऋण इलेक्ट्रोडकडे सरकतो आणि सोबत सगळं पाणी ओढून नेतो. याला इलेक्ट्रोऑस्मोसिस म्हणतात. रॉइस यांनी १८०९ साली मॉस्कोत चिकणमातीत हे पाहिलं. हेल्महोल्ट्झ यांनी १८७९ साली आणि स्मोलुखोव्स्की यांनी १९०३ साली त्याचं सूत्र दिलं: वेग म्हणजे परावैद्युतता, भिंतीचं झीटा विभव (काचेलगतच्या भाराच्या थरातलं विभव) आणि क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले स्निग्धता. झीटा ०.१ व्होल्ट आणि क्षेत्र सेंटिमीटरला १०० व्होल्ट घेतलं तर पाणी सेकंदाला ०.७ मिलिमीटर सरकतं. या सूत्रात फटीची रुंदी नाही, सगळं मर्म तिथं आहे. दाबानं येणारा प्रवाह फटीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, भिंतीनं ओढलेला प्रवाह तसा होत नाही. फट जितकी अरुंद, तितकं विजेचं पारडं जड.

मिर्झादेह आणि बझान्त यांनी २०१७ साली हा विचार सॅफमन-टेलर अस्थिरतेला लावला. २०१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रयोगात दाखवलं की द्रवांची तीच जोडी, तोच सेल (म्हणजे दोन काचांची रचना) आणि प्रवाहाचा तोच दर ठेवून नुसती क्षेत्राची दिशा बदलली की सीमा स्थिर किंवा अस्थिर करता येते. या क्षेत्रातलं अलीकडचं मला सर्वांत जास्त भावलेलं काम हेच. बोटं आवरण्याचे इतर उपाय, उदाहरणार्थ फट निमुळती करणं किंवा एक भिंत लवचीक ठेवणं, सेलची रचनाच बदलतात. इथं बाहेरचं एक बटण फिरवलं की काम होतं.

याचं गणित तुम्ही स्वतः करून पाहा. दोन्ही द्रवांत दाब आणि विद्युत विभव लिहा, सीमेवर प्रवाह आणि करंट अखंड ठेवा, छोटी लाट घाला. दोन पानांत उत्तर येतं. प्रत्येक द्रवासाठी परावैद्युतता आणि झीटाच्या मापाचा गुणाकार करा, त्याला मी भिंतीची ओढ म्हणेन. लाट वाढवणारी राशी म्हणजे स्निग्धतांमधला फरक गुणिले वेग. विजेकडून त्यातून वजा होते ती दोन्ही द्रवांच्या ओढींमधला फरक गुणिले एक सरासरी क्षेत्र. हे सरासरी क्षेत्र म्हणजे करंटची घनता भागिले दोन्ही वाहकतांची सरासरी. दोन्ही राशी लाटेच्या लांबीवर सारख्याच रीतीनं अवलंबून असल्यामुळे एक दुसरीला पूर्ण खोडू शकते.

या उत्तरातल्या दोन गोष्टींकडे नीट पाहा. पहिली, दोन्ही द्रवांत ओढ सारखी असेल तर कितीही क्षेत्र लावा, बोटांवर परिणाम शून्य. नुसता इलेक्ट्रोऑस्मोसिस पुरत नाही, त्यात फरक लागतो. दुसरी गोष्ट अशी की घट्ट द्रवाची वाहकता कमी ठेवली म्हणजे त्यात क्षेत्र जास्त येईल आणि काम सोपं होईल असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. पातळ द्रव जास्त वाहक असला की विजेच्या रेषा बोटाच्या टोकाशी गोळा होतात, आणि मिळालेला फायदा तिथंच खर्ची पडतो. गणितात हे दोन परिणाम एकमेकांना तंतोतंत छेदतात आणि फक्त ओढींचा फरक उरतो. हाताशी असलेली अटकळ इथं फसवते, म्हणून गणित कराच असा माझा आग्रह आहे.

दिशाही यातूनच ठरते. ढकलल्या जाणाऱ्या घट्ट द्रवाची ओढ जास्त असेल तर इलेक्ट्रोऑस्मोसिस प्रवाहाच्याच दिशेनं हवा, म्हणजे तुमच्या सेलमध्ये मध्यभागी धन आणि कडेच्या कड्यावर ऋण. पाण्याची ओढ जास्त असेल तर उलटं, मध्यभागी ऋण.

आता आकडे घालू. काचेची फट ०.३ मिलिमीटर, मध्यापासून १ सेंटिमीटरवर सीमेचा वेग सेकंदाला ०.०५ मिलिमीटर. शुद्ध ग्लिसरीनऐवजी वजनानं ६० टक्के ग्लिसरीनचं द्रावण घ्या. त्याची स्निग्धता २० अंश सेल्सिअसला पाण्याच्या सुमारे अकरापट असते. पाण्यात झीटा ८० मिलिव्होल्ट आणि द्रावणात ५० मिलिव्होल्ट धरला, तर १ सेंटिमीटर अंतरावर सेंटिमीटरला सुमारे १७० व्होल्ट लागतात. गोल सेलमध्ये वेगही अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि क्षेत्रही, त्यामुळे एकदा जुळवलेलं प्रमाण सीमा कुठंही पोचली तरी जुळलेलंच राहतं. हे वर्तुळाकार रचनेचं भाग्य आहे. म्हणून व्होल्टेज स्थिर ठेवणारा पुरवठा वापरू नका, करंट स्थिर ठेवणारा वापरा. करंट भागिले प्रवाहदर, हेच तुमचं बटण. २ मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रापासून ५ सेंटिमीटरच्या कड्यापर्यंत एकूण ५५० व्होल्टच्या आसपास लागतील. वाहकता सेंटिमीटरला १० मायक्रोसीमेन्स असेल तर करंट फक्त ०.३ मिलिअँपिअर.

हाच हिशेब शुद्ध ग्लिसरीनचा करा. त्याची स्निग्धता १.४ पास्कल-सेकंद. सेंटिमीटरला सुमारे २५,००० व्होल्ट लागतील. मार्गदर्शकांना हा एक आकडा दाखवा, पुढची चर्चा सोपी होईल.

१७० व्होल्टच्या उदाहरणातही एक अडचण दडलेली आहे. पाण्याची ओढ जास्त धरल्यामुळे क्षेत्र उलटं, आतल्या दिशेनं लावावं लागलं. तेव्हा काचेलगतचं पाणी सेकंदाला जवळजवळ १ मिलिमीटर वेगानं मागे येतं आणि फटीच्या मध्यातून पुढे जातं. हा वेग सीमेच्या वेगाच्या वीसपट आहे. सरासरी घेतलेल्या गणितात सीमा स्थिर दिसते, प्रत्यक्षात ती फटीच्या जाडीत जिभेसारखी लांबते आणि पुसट होते. वरून काढलेल्या फोटोत हा पुसटपणा स्थिरतेसारखा दिसतो. यावर दोन उतारे आहेत. एक, ४० टक्के द्रावणापासून सुरुवात करा. स्निग्धता पाण्याच्या पावणेचारपटीच्या आसपास येते, क्षेत्र सेंटिमीटरला ५० व्होल्टवर उतरतं आणि मागे येणारा प्रवाहही त्याच प्रमाणात मंदावतो. दुसरा उतारा जास्त कष्टाचा पण मला जास्त पटणारा: पाण्याची ओढ कमी करा. पाणी किंचित आम्ल, पीएच ४ च्या आसपास ठेवलं की काचेचं झीटा घटतं. मग घट्ट द्रवाची ओढ वरचढ ठरते, क्षेत्र प्रवाहाच्या दिशेनं लागतं आणि भिंतीलगतची धावपळ आटोक्यात राहते. मीठ घालूनही झीटा घटतं, पण वाहकता वाढल्यानं करंट आणि उष्णता दोन्ही हाताबाहेर जातात.

उष्णतेचं आणखी सांगायला हवं. उष्णता क्षेत्राच्या वर्गाच्या आणि वाहकतेच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात ती सेकंदाला ०.१ अंशाहून कमी आहे आणि काच ती सहज पिऊन टाकते. तिथं नळाचं पाणी वापरलंत, ज्याची वाहकता सेंटिमीटरला शेकडो मायक्रोसीमेन्स असते, तर सेंटिमीटरभर अंतरावर सेकंदाला ४ अंश, आणि छिद्राजवळ क्षेत्र पाचपट असल्यामुळे त्याच्या २५ पट. ग्लिसरीनची स्निग्धता खोलीच्या तापमानाला दर अंशामागे ७-८ टक्क्यांनी घसरते. म्हणजे नुसतं गरम झाल्यानंसुद्धा बोटं कमी होतील आणि श्रेय विजेला जाईल. ऊर्ध्वपातित किंवा आयनमुक्त पाणी घ्या आणि त्यात लिटरला ०.१ मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड घाला, म्हणजे वाहकता सेंटिमीटरला १५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास स्थिर राहील.

इलेक्ट्रोड छिद्रातच खोचू नका. ०.३ मिलिअँपिअर हा करंट क्षुल्लक वाटतो, पण ऋण टोकाला त्यातून सेकंदाला सुमारे ०.०४ मायक्रोलिटर हायड्रोजन निघतो. तुमचा प्रवाह सेकंदाला जेमतेम १ मायक्रोलिटर आहे. म्हणजे चार टक्के बुडबुडे सरळ फटीत. इलेक्ट्रोड बाजूच्या भांड्यात ठेवा आणि अगारच्या पुलानं (क्षार मिसळलेल्या अगार जेलनं भरलेल्या नळीनं) जोडा. त्यानं इलेक्ट्रोडजवळ बदलणारा पीएचही काचेपासून लांब राहतो. काच प्रत्येक वेळी त्याच पद्धतीनं, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडनं आणि मग भरपूर पाण्यानं धुवा. झीटा काचेच्या इतिहासावर अवलंबून असतं आणि बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ते झपाट्यानं खाली आणतं. आणि ५५० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो. पुरवठ्याला काही मिलिअँपिअरची मर्यादा घाला, सेलवर पारदर्शक झाकण ठेवा, बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा होईपर्यंत हात लावू नका.

पाणी उंच टाकीतून सोडू नका, सिरिंज पंप वापरा. टाकीचा दाब स्थिर असतो, प्रवाह नसतो. उलट्या दिशेचं क्षेत्र लावलं की प्रवाह आपोआप मंदावतो आणि मंद प्रवाहात बोटं तशीही कमी फुटतात. असा निकाल दिसायला छान असतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता परीक्षा. तारा उलट करा. भिंतीची ओढ क्षेत्राच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असते, त्यामुळे दिशा बदलली की परिणाम उलटायलाच हवा: एका दिशेनं बोटं दबतील, दुसऱ्या दिशेनं जास्त फुटतील. सीमेवरचा ताण, पोटातल्या भारावरचं बळ आणि उष्णता ही तिन्ही क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, त्यांना धन-ऋण समजत नाही. दोन्ही दिशांना बोटं कमी झाली तर तुम्ही काचा तापवल्या आहेत असं समजा. दोन्हीकडे वाढली तर वाहकतेच्या फरकानं द्रव ढवळला जातो आहे. एसी का नाही, याचं उत्तरही इथंच आहे. एसीत भिंतीची ओढ पुढे-मागे होऊन सरासरी शून्य होते. पण म्हणूनच एसी तुमच्या फार कामाचा आहे: तेवढ्याच परिणामी (आरएमएस) व्होल्टेजचा, काही किलोहर्ट्झचा एसी लावून एक फेरी घ्या. त्यात जे दिसेल ते प्रामुख्यानं उष्णतेचं आणि वर्गाच्या प्रमाणातल्या बळांचं. डीसीच्या निकालातून ते वेगळं काढता येईल. क्षेत्रविना, दोन्ही दिशांचा डीसी आणि एसी, अशा चार फेऱ्या त्याच काचांवर आणि त्याच दिवशी घेतलेल्या असतील, तर तुमच्या निष्कर्षावर कुणी सहज बोट ठेवू शकणार नाही.

शेवटचा प्रश्न तेलाचा. तेल काढताना मागून पाणी दाबतात तेव्हा खडकात हीच बोटं फुटतात, म्हणून या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक प्रस्तावनेत तेलक्षेत्र येतं. हिशेब करू. दोन विहिरी १ किलोमीटर अंतरावर, त्यांच्यात १००० व्होल्ट, म्हणजे क्षेत्र मीटरला १ व्होल्ट. खाऱ्या पाण्यात झीटा फार तर १० मिलिव्होल्ट धरू. पाणी दिवसाला ०.६ मिलिमीटर सरकेल. तेलक्षेत्रात पाण्याची आघाडी साधारणपणे दिवसाला ३० सेंटिमीटरच्या आसपास सरकते. पाचशेपट कमी पडतो आपण, आणि एवढ्यासाठीही हजार चौरस मीटर छेदातून सुमारे २०० किलोवॅट वीज जाळावी लागेल. शिवाय मुंबई हायसारख्या क्षेत्रात खडक चुनखडीचा आहे, आणि कॅल्साइटच्या झीटाचं चिन्ह पाण्यातल्या आयनांनुसार ऋणाचं धनही होतं. तिथलं तेल हलकं असल्यानं बोटांचा प्रश्नही राजस्थानातल्या बाडमेरच्या घट्ट तेलाइतका तीव्र नाही. बाडमेरच्या मंगला क्षेत्रात त्यावर पाण्यात पॉलिमर मिसळतात, म्हणजे ढकलणारा द्रवच घट्ट करतात. तो उपाय साधा आहे आणि चालतो.

तेल उद्योगात विद्युत क्षेत्र काम करतं ते जमिनीवर आल्यावर. कच्च्या तेलातले पाण्याचे थेंब क्षेत्रानं एकमेकांकडे ओढून मोठे करायचे, म्हणजे ते खाली बसतात आणि सोबत मीठ घेऊन जातात. कॉट्रेल यांनी १९११ साली याचं पेटंट घेतलं, आणि आज माहुलच्या रिफायनऱ्यांसह कच्चं तेल शुद्ध करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात असं मीठ काढणारं यंत्र, म्हणजे डीसॉल्टर, असतो. तिथंही मर्यादा अस्थिरतेचीच आहे. क्षेत्र वाढवत गेलं की थेंब लांबतो आणि एका टप्प्यावर फाटतो. १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबासाठी तो टप्पा सेंटिमीटरला साडेचार किलोव्होल्टच्या आसपास येतो, त्याच्या दहाव्या भागाच्या त्रिज्येसाठी सुमारे १४ किलोव्होल्ट. म्हणून डीसॉल्टर सेंटिमीटरला एक-दोन किलोव्होल्टच्या पातळीवर चालवतात.

तुमच्या कामाचं खरं घर अरुंद जागांत आहे. चिकणमातीतून दाबानं पाणी हलता हलत नाही, पण इलेक्ट्रोऑस्मोसिसनं ते वाळूइतक्याच सहज सरकतं. लिओ कासाग्रांदे यांनी १९३०च्या दशकात जमिनीतलं पाणी काढायला हेच वापरलं. दूषित चिकणमाती धुताना, क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात घट्ट नमुना पातळ द्रावकानं ढकलताना, किंवा सूक्ष्म नलिकांच्या चिपवर एक द्रव दुसऱ्यानं बदलताना फट मायक्रोमीटरची असते, वेग मंद असतो, क्षार कमी ठेवता येतात आणि अंतर सेंटिमीटरचं असतं. वरच्या प्रत्येक हिशेबात जे आकडे आडवे आले, ते इथं सरळ होतात. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तेलविहिरीऐवजी यांपैकी एक उदाहरण घ्या, आणि सेलची फट ०.३ ऐवजी ०.१ मिलिमीटर करून दुसरी मालिका घ्यायची सोय आत्तापासूनच ठेवा.